डोंगराच्या पोटातले शहर आणि त्याचा पायथा

डोंगर पोखरून राहणाऱ्या बुटक्यांचे नगर ही कल्पना मराठी वाचकाला आता परकी राहिलेली नाही. टॉल्किनची ‘द हॉबिट’ १९३७ साली आली, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि तेव्हापासून अशा नगरांच्या नकाशांना तोटा राहिला नाही. नकाशे वेगवेगळ्या हातांनी काढलेले असले तरी साचा एकच. पूर्वेला किंवा पश्चिमेला एक अजस्र दरवाजा, जो आतून लावला की जगाशी संबंध संपला. आत गेल्यावर सोनारांची आळी, लोहारांची भट्टी, खाणकामगारांची वस्ती, घराण्याघराण्यांची दालने, सर्वांत खोल जागी खजिना, सर्वांत उंच छताखाली राजाची सदर आणि एका कोपऱ्यात पूर्वजांच्या समाध्या. वस्त्या धंद्यांप्रमाणे आणि कुळांप्रमाणे पडलेल्या. संस्कृती म्हणाल तर मानी, अबोल, कर्जाची आणि वैराची आठवण पिढ्यान्‌पिढ्या ठेवणारी. हे सगळे वाचायला झकास वाटते. पण या साच्यात एक गृहीत दडलेले असते आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. डोंगरातले शहर स्वयंपूर्ण असते, दार लावून घेतले तरी त्याचे चालते, असे ते गृहीत आहे. ते चुकीचे आहे, आणि ते तपासायला आइसलंडच्या जुन्या गाथांपर्यंत जाण्याची गरज नाही, मुंबईच्या विक्रोळीपासून सुरुवात केली तरी पुरते.

विक्रोळीच्या पश्चिमेला पार्कसाइटचा डोंगर आहे, आणि त्याच्या उतारावर वर्षानगर, सूर्यनगर अशा वस्त्या. पूर्वेला रेल्वेचे रूळ ओलांडले की सपाट जमीन, तिच्यावर कारखाने, टागोरनगर आणि कन्नमवारनगर, आणि त्यांच्यापलीकडे खाडीची खारफुटी. पार्कसाइटच्या माथ्यावरून उत्तरेकडे रेघ ओढली तर मधे पवई, विहार आणि तुळशी ही तीन तळी लागतात आणि त्यांच्या पलीकडे कान्हेरीचा डोंगर. म्हणजे एकाच उपनगरी पट्ट्यात डोंगरातले एक दोन हजार वर्षांपूर्वीचे शहर आहे आणि डोंगरावरचे एक आजचे. दोन्हींच्या वस्त्या कशा पडल्या, कोण कुठे राहिले आणि का, हे नीट पाहिले तर माझ्या मते एकच उत्तर मिळते. डोंगरातल्या शहराचा आराखडा पायथ्याशी असलेल्या त्याच्या देण्याघेण्याने ठरतो, आणि त्या देण्याघेण्यात पहिला मान पाण्याचा. धंदा, कूळ, राजा हे सगळे त्यानंतर.

आधी कान्हेरी. शंभराहून अधिक लेणी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेली आणि पुढे हजारेक वर्षे वापरात राहिलेली. पर्यटक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहतो, त्याच्या ओसरीतल्या दोन उंच बुद्धमूर्तींपाशी फोटो काढतो आणि परत फिरतो. पण शहर समजून घ्यायचे तर मूर्तींकडे थोडी पाठ करून पायाखाली पाहावे लागते. लेण्याच्या माथ्यावरच्या उघड्या कातळात बोटभर खोलीच्या चऱ्या कोरलेल्या दिसतात. पावसाचे पाणी दर्शनी भागावरून घरंगळू नये म्हणून त्या त्याला बाजूला वळवतात आणि अंगणाच्या कडेला खोदलेल्या टाक्यात नेऊन सोडतात. शिलालेखांत या टाक्याला पोढी म्हटले आहे. जवळपास प्रत्येक राहत्या लेण्याला अशी पोढी आहे, तोंड अरुंद आणि पोट आतल्या बाजूला रुंद, म्हणजे उन्हाने वाफ कमी होईल आणि कचराही कमी पडेल. या टापूत वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने काढायचे तर तो साठवायलाच हवा. त्यामुळे कान्हेरीत खोली कोरायची म्हणजे तिच्यासोबत टाके कोरायचे. ओढ्यावर बांध घातल्याच्याही खुणा आहेत. घरटी टाके, टाक्यांना जोडणाऱ्या चऱ्या, पायऱ्यांची जाळी आणि मधल्या घळीतला ओढा, हा कान्हेरीचा खरा नकाशा. काल्पनिक नगराच्या नकाशात पाणी दाखवायचे तर एक अंधारे भूमिगत सरोवर काढून मोकळे होतात. पाणी तिथून प्रत्येकाच्या घरी कसे पोचते आणि ते वापरून झालेले कुठे जाते, याची चौकशी तिथे होत नाही.

आता वस्त्या. कान्हेरीत त्या आहेत, आणि चांगल्या स्पष्ट आहेत. पूजेची जागा वेगळी, एकेकट्या भिक्षूंच्या लहान खोल्या वेगळ्या. अकरा क्रमांकाचे ‘दरबार’ म्हणून ओळखले जाणारे लेणे वेगळे, ज्यात जमिनीतूनच कोरलेले दोन लांब, बुटके बाक समोरासमोर आहेत आणि पन्नास माणसे तरी ओळीने बसू शकतील. आणि डोंगराच्या एका कडेला कातळाच्या छपराखाली विटांच्या लहान स्तूपांची रांग, दिवंगत भिक्षूंची स्मारके. अभ्यासक तिला निर्वाणवीथी म्हणतात. म्हणजे सभागृह, राहण्याची आळी, देवस्थान, स्मशान, सगळे आहे. मात्र बुटक्यांच्या नगरात जिला पहिला मान असतो ती लोहारसोनारांची आळी इथे नाही. लोहार आणि सोनार कान्हेरीला होते, पण शिलालेखात. डॉ. शोभना गोखले यांनी ‘कान्हेरी इन्स्क्रिप्शन्स’ या १९९१ च्या ग्रंथात हे लेख एकत्र केले आहेत. त्या लेखांत कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी करवून दिली आहे, आणि कल्याणच्याच एका लोहाराने पायवाट. हे दोघे कल्याणला राहत होते, खाडीकाठच्या बाजारपेठेत, जिथे जहाजे लागत आणि गिऱ्हाईक मिळे. डोंगराला त्यांनी दिले ते काय, तर पाणी आणि रस्ता. या दोन गोष्टी नसत्या तर वरचे शहर एक उन्हाळाही टिकले नसते.

बाकीच्या दात्यांची गावे पाहिली तरी हेच चित्र पक्के होते: कल्याण, सोपारा, चौल, नाशिक. चैत्यगृहाच्या लेखात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांची नावे येतात, काळ सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचा. दान एकदाच देऊन भागत नसे. ‘अक्षयनीवी’ म्हणून जमीन किंवा रक्कम ठेवीत आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या चिवरांचा, काही ठिकाणी पादत्राणांचासुद्धा खर्च चाले. नवव्या शतकात, शके ७७५ मध्ये, गौड देशाहून म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म ठेवल्याचा लेख आहे. शेत पायथ्याशी, व्याज पायथ्याशी, वापर डोंगरावर. आज ज्याला आपण कायम निधी म्हणतो त्याच्यावर हा डोंगर शतकानुशतके चालला. बुटक्यांच्या खजिन्याविषयी लिहिणाऱ्याने इथे जरा थांबावे. कोठारात पडून राहिलेले सोने शहराला जगवत नाही. दुसऱ्याच्या शेतात फिरणारा पैसा जगवतो.

दगडाची गोष्ट याहून सोपी आहे, आणि तितकीच दुर्लक्षित. समजा दहा मीटर लांब, दहा रुंद आणि पाच मीटर उंच असे एक साधे दालन कोरायचे आहे. पाचशे घनमीटर दगड बाहेर काढावा लागेल. बेसॉल्टचे वजन घनमीटरला तीन टनांच्या थोडे आत असते, म्हणजे चौदाशे टनांच्या आसपास माल. दहा टनी ट्रकच्या एकशे चाळीस खेपा, त्या एका दालनासाठी. आपले लेणीकार छताकडून खाली येत, त्यामुळे परांची लागत नसे, पण निघालेला दगड कुठे तरी टाकावाच लागे, आणि तो उतारावरून खाली जाई. काल्पनिक नगरांत शेकडो दालने असतात, मैलोगणती भुयारे असतात, पण दाराबाहेर राडारोड्याचा ढीग मी एकाही नकाशात पाहिलेला नाही. खरे तर अशा शहराची सर्वांत मोठी वस्ती त्या ढिगावरच वसली असती. आपल्याकडे दगड काढणारे आणि दगडावर राहणारे यांचे नाते जुने आहे. पवई-चांदिवलीच्या खाणींत सुरुंग, पहार, घण आणि छिन्नी घेऊन राबलेल्या वडार समाजाने डोंगर फोडून दिला आणि त्यातून मुंबईचे रस्ते आणि इमारती झाल्या. दगडाची नस ओळखणारा, घाव कुठे घातला की फळी सरळ सुटेल हे नजरेने सांगणारा माणूस बुटक्यांच्या कथेत सरदार असतो. इथे तो पालात राहिला. कथाकाराने ज्ञानाला मान दिला हे चांगलेच केले, पण मान आणि मालकी या दोन वेगळ्या बाबी आहेत हे तो सोयीने विसरला.

भट्टीचेही तेच. डोंगराच्या पोटात धगधगणारी भट्टी डोळ्यांसमोर आणायला सोपी, पण आगीला हवा लागते आणि धुराला वाट. तुर्कस्तानातले देरिंकुयू हे जमिनीखालचे शहर सुमारे ऐंशी मीटर खोल आहे, आणि त्याची सर्वांत मोठी करामत हवा खाली नेणारी उभी धारी हीच. तिथे तबेले आहेत, कोठारे आहेत, आतून सरकवायची गोल दगडी दारे आहेत. लोखंड वितळवायची भट्टी अशा जागी लावली तर पहिल्या दिवशीच माणसे गुदमरतील. शिवाय दारे लावून बसायचे ते संकटापुरते, एरवी शेती वरच्याच जमिनीवर. विक्रोळीत धातूचे काम कुठे बसले ते पाहा. गोदरेजची सुरुवात १८९७ साली कुलपांपासून झाली, पुढे तिजोऱ्या आल्या. १९४३ साली विक्रोळीची जमीन घेतली गेली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या इथल्याच कारखान्यात तयार झाल्या. कुलपे, तिजोऱ्या, पेट्या ही यादी एखाद्या बुटक्या कारागिराने आनंदाने स्वतःच्या नावावर घेतली असती. पण कारखाना डोंगरात गेला नाही. तो रूळ आणि खाडी यांच्यामधल्या सपाटीवर आला, जिथे माल उतरवता येतो, पाणी आणता येते आणि धूर मोकळा सोडता येतो. लोहार कल्याणला राहिला त्याला आणि कारखाना सपाटीला आला त्याला कारण एकच आहे.

याउलट डोंगरावर चढली ती घरे. पार्कसाइटच्या उतारावर ‘खाली’ आणि ‘वर’ हे पत्तेच आहेत. खाली गाडी येते, दुकाने आहेत, नळाला दाब आहे. जसजसे वर जावे तसतशा पायऱ्या अरुंद होतात, गटाराच्या कडेने नळांच्या जुड्या चढताना दिसतात, दाराशी निळी पिंपे येतात. गॅसचा सिलिंडर कोणाच्या तरी खांद्यावरूनच वर जातो. माथ्याजवळ घराची मागची भिंत म्हणजे डोंगरच, आणि मे संपता संपता छपरांवर ताडपत्री चढते. काल्पनिक नगरात राजा एक तर शिखरावर नाही तर गाभ्यात असतो, उंचीला किंवा खोलीला प्रतिष्ठा चिकटलेली असते. इथे उंची म्हणजे स्वस्ताई, कारण पाणी सगळ्यांत शेवटी तिथे पोचते आणि दरड सगळ्यांत आधी. १८ जुलै २०२१ च्या पहाटे सूर्यनगरमध्ये दरड कोसळून माणसे गेली, त्याच पावसात चेंबूरलाही तेच झाले. कान्हेरीत मात्र वरच्या लेण्यातल्या भिक्षूलाही दारात पोढी होती, कारण कोणा तरी सोनाराने ती खोदण्याचे पैसे दिले होते. दोन डोंगरांतला फरक उंचीचा मुळीच नाही. वर पाणी कोण पोचवतो, एवढाच आहे. वस्तीचा दर्जा त्यावरून ठरतो. गंमत अशी की मुंबईला नळाचे पाणी पहिल्यांदा मिळाले ते याच डोंगररांगेतून. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशीचा १८७९ साली. डोंगराने अवघ्या शहराला पाणी दिले, आणि डोंगरावर राहणारा पिंप भरून ठेवतो.

या युक्तिवादावर काही आक्षेप येतील, आणि ते फेटाळण्याजोगे नाहीत. पहिला असा की कान्हेरी हे शहर नव्हेच, तो विहार होता. भिक्षू संसार करत नाहीत, धंदा करत नाहीत, भिक्षेवर राहतात, मग ते पायथ्यावर अवलंबून असणारच. मान्य. पण मग ज्याला कोणी विहार म्हणणार नाही असा डोंगर घेऊ. रायगड ही राजधानी होती. तिथे बाजारपेठ होती, राजसदर होती, धान्याची कोठारे होती, गंगासागरासारखे तलाव होते, आणि दरवाजे खरोखर मावळतीला बंद होत. त्या बंद दरवाजाची आपल्याला सर्वांत जास्त आठवण आहे ती कोणामुळे? हिरकणीमुळे. ती दंतकथा असेल, पण ती रचणाऱ्याला एक गोष्ट पुरेपूर ठाऊक होती: गडावर दूध पायथ्याच्या गावातून येते. दार लागले तेव्हा अडकून पडलेली बाई गवळण होती, ही कथेतली सहज आलेली बाब नाही. राजधानीसुद्धा रोज सकाळी खालून वर चढणाऱ्या पायांवर जगत होती.

दुसरा आक्षेप कल्पनेच्या बाजूने येतो. कल्पित नगराला पाणीपट्टी आणि राडारोडा विचारणे म्हणजे परीकथेचे लेखापरीक्षण करणे, असे कोणी म्हणेल. जादू आहे ना, मग कशाला? याला उत्तर खुद्द टॉल्किनने देऊन ठेवले आहे. ‘द हॉबिट’च्या पहिल्याच प्रकरणात थोरिन हा बुटका आपल्या पूर्वजांच्या वैभवाची गोष्ट सांगतो तेव्हा ओघात हेही सांगतो की डोंगरातल्या बुटक्यांनी स्वतः अन्न पिकवण्याच्या भानगडीत कधी पडायचे नाही असेच ठेवले होते. पायथ्याच्या डेल नगरातली माणसे त्यांना ते पुरवीत आणि बदल्यात त्यांच्या हातचे कसब नेत. ड्रॅगन आला आणि डोंगरामागोमाग डेलही बुडाले. मूळ लेखकाला पायथा दिसत होता. तो खोडला गेला नंतरच्या नकलांत, कारण बंद दार काढायला सोपे असते आणि बाजाराचा हिशेब कठीण. जादूने दगड हलला तरी तो कुठे ठेवला हे वाचकाच्या मनात येतेच, आणि ज्या लेखकाला ते सुचलेले असते त्याचे शहर अधिक खरे वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. पार्कसाइटच्या माणसांनी डोंगर निवडलेला नाही, परवडला म्हणून घेतला. त्यांच्या अडचणीला एका काल्पनिक नगराशेजारी ठेवून संस्कृती म्हणणे ही चैन नव्हे काय? अडचणीला संस्कृती म्हणायचे नाही, हे खरेच. पण अडचणीतून माणसे जे उभे करतात त्याला दुसरे नाव देता येत नाही. पाण्याची पाळी लावणे, वरच्या घरांसाठी मोटर सामाईक घेणे, दरडप्रवण म्हणून पालिकेची नोटीस आली की कोणाच्या म्हाताऱ्या आईला कोणाकडे हलवायचे हे आधी ठरवून ठेवणे, गणपती इतक्या अरुंद पायऱ्यांवरून उतरवण्यासाठी मूर्तीची उंची आपणहून बेतात ठेवणे, ही उतारावरच्या शहराची रीत आहे. उतारच नसता तर ती घडली नसती. बुटक्यांच्या संस्कृतीवर लिहिणारे दाढीची लांबी आणि मद्याचे प्रकार मोजत बसतात. जिन्यावर समोरून ओझे आले तर कोण मागे हटतो, हे त्यांच्यापैकी एकालाही सुचलेले नाही.

आपल्या परंपरेत बुटका कारागीर मुळीच नाही असे समजू नये. पितळखोऱ्याच्या लेण्यांत, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, एक ठेंगणा, पोटाळ, दात दाखवून हसणारा यक्ष सापडला. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा, आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला. डोक्यावर ओझे पेलणारी अशी यक्षमूर्ती आपल्या लेण्यांत नवी नाही. नवी आहे ती त्याच्या हातावरची ओळ. ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, एवढेच त्या ओळीत म्हटले आहे. डोंगराच्या पोटात भार वाहणारा बुटका, आणि त्याला घडवणारा सोनार, दोघे एकाच दगडात. धन राखणारा यक्ष हा कुबेराचा सेवक, म्हणजे खजिन्याचा पहारेकरी इथेही आहेच, पण इथल्या शिल्पकाराने त्याला चिडका आणि लोभी केले नाही, हसरा केला आणि त्याच्या हातावर कारागिराचे नाव लिहिले. मराठीत कोणी असे नगर रचणार असेल तर उत्तरेकडच्या दाढीवाल्या सरदारापेक्षा हा यक्ष त्याला जवळचा वाटावा, अशी माझी तरी अपेक्षा आहे.

शेवटी अशा शहरांच्या अंताविषयी. काल्पनिक डोंगर ड्रॅगनमुळे पडतो किंवा फार खोल खणल्यामुळे. कान्हेरीत असे काही घडल्याचे दिसत नाही. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, १००९ आणि १०२१ साली, तिथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत, म्हणजे तेव्हाही येणेजाणे होते. बहुधा डोंगराला ठेवी देणारी सोपारा-कल्याणची पेढी आटली, नवी अक्षयनीवी कोणी ठेवेनासे झाले, आणि भिक्षू हळूहळू उतरले. पोर्तुगीज आले तेव्हा रिकाम्या लेण्यांवरून त्यांनी लगेच कथा रचल्या. दिओगो दो कूतो याने लिहून ठेवलेल्या गोष्टीत तर इथून निघालेले भुयार दिवसेंदिवस चालूनही संपत नाही. टाकी, चऱ्या, पायवाटा त्या कथेत कुठेच नाहीत, भुयार मात्र आहे. सोनाराने दिलेल्या पोढ्या आजही दर पावसाळ्यात भरतात, आणि रविवारी येणारी पोरे त्यांत दगड टाकून खोली मोजतात.